उपरा शिकारी आणि वाळवंटाची अट : अमेरिकेच्या नैऋत्य भागातील हरणशिकारविषयक लेखनाचा चिकित्सक विचार

बीजसंज्ञा : शिकारलेखन, वाळवंट, उपरेपण, कष्टाची नीती, निसर्गलेखन, दृष्टिकोन

प्रस्तावना :

भारतीय वाचकाच्या मनात हरणाच्या शिकारीचे चित्र उभे राहते ते बहुधा 'अभिज्ञानशाकुंतल' या नाटकाच्या प्रारंभातून. रथात बसलेला राजा, पुढे धावणारे हरीण आणि दोघांच्या मध्ये येऊन उभे राहणारे तपस्वी. हे हरीण आश्रमाचे आहे, म्हणून ते मारता येणार नाही, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. राजा सामर्थ्यवान आहे, त्याचा नेम अचूक आहे, पाठलागाचे श्रमही त्याने केले आहेत; तरीही त्या जागेचा नियम त्याच्या पराक्रमापेक्षा मोठा ठरतो. शिकारलेखनाचा विचार करताना या प्रसंगातून एक मूलभूत प्रश्न हाती लागतो : बाहेरून आलेल्या शिकाऱ्याला त्या भूमीवरील प्राणी मारण्याचा अधिकार कशाने प्राप्त होतो?

अमेरिकेच्या नैऋत्येकडील ॲरिझोना व न्यू मेक्सिको ही राज्ये आणि त्यांना लागून असलेले मेक्सिकोतील सोनोरा व चिवावा हे प्रांत यांच्या रुक्ष प्रदेशात हरणशिकारीविषयी विपुल लेखन झाले आहे. त्यातील पुष्कळसे लेखन दूरच्या प्रदेशातून आलेल्या माणसाच्या खडतर मोहिमेचे आहे. पाणी नाही, सावली नाही, वाट नाही आणि दिवसेंदिवस हरीण दिसत नाही, अशा प्रवासाचे वर्णन हा या लेखनाचा गाभा होय. या कष्टांकडे लेखक केवळ वर्णनविषय म्हणून पाहत नाहीत. शिकारीचे नैतिक समर्थन म्हणूनही ते त्यांचा उपयोग करतात. प्रस्तुत लेखात जॅक ओ'कॉनर, झेन ग्रे आणि आल्डो लिओपोल्ड या तीन लेखकांच्या लेखनाच्या आधारे या समर्थनाची तपासणी करण्याचा प्रयत्न केला असून याकी समाजाच्या हरीणगीतांचा त्यांच्याशी तुलनात्मक विचार केला आहे.

१. भूमी आणि प्राणी :

या लेखनाचे आकलन होण्यासाठी त्या भूमीचे स्वरूप लक्षात घेणे आवश्यक आहे. सोनोराचे वाळवंट म्हणजे वाळूच्या टेकड्यांचा ओसाड विस्तार नव्हे. येथे पाऊस वर्षातून दोनदा पडतो. हिवाळ्यात संथ सरी आणि उन्हाळ्यात गडगडाटी वादळे. सॅग्वारोसारखे उंच निवडुंग, काटेरी चोया, मेस्कीट व पालोव्हर्दे यांसारखी झाडे आणि मधूनच उभे राहणारे खडकाळ डोंगर असे हे भूदृश्य आहे. मेरी ऑस्टिन यांनी 'द लँड ऑफ लिटल रेन' (१९०३) या पुस्तकात कॅलिफोर्नियातील रुक्ष प्रदेशाचे वर्णन करताना प्राण्यांच्या पाणवठ्याकडे जाणाऱ्या पायवाटांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. पाणी कोठे आहे हे ज्याला कळते त्यालाच वाळवंट कळते, हे सूत्र पुढील शिकारलेखनातही सातत्याने आढळते.

या प्रदेशात मुख्यतः दोन प्रकारची हरणे आढळतात. खेचरासारखे मोठे कान असलेले 'म्यूल डिअर' वाळवंटाच्या सपाटीवर व पायथ्याच्या टेकड्यांवर राहते. त्याहून लहान व करड्या रंगाचे 'कूझ' हरीण ओकवृक्षांच्या डोंगरउतारांवर राहते. पक्षिशास्त्रज्ञ एलियट कूझ यांच्यावरून त्याचे नाव पडले असून पूर्ण वाढलेला नरही साधारणतः ४५ किलोंच्या आतबाहेर असतो. आपल्याकडील चितळ-सांबरांप्रमाणे या दोन्ही हरणांची शिंगे दरवर्षी गळून नव्याने येतात. दक्षिण ॲरिझोनात त्यांचा माजाचा काळ डिसेंबर-जानेवारीपर्यंत लांबतो, त्यामुळे पाडसांचा जन्म उन्हाळी पावसाच्या सुमारास होतो. थोडक्यात, हरणाचे जीवनचक्र पावसाशी बांधलेले आहे. विरळ चाऱ्यामुळे त्यांची संख्या विरळ आणि प्रदेश मात्र अफाट असतो. म्हणून येथील शिकारीत धावण्यापेक्षा पाहणे अधिक असते. पहाटे उंचावर बसून तासन्‌तास दुर्बिणीने समोरचा उतार न्याहाळणे हीच येथील मुख्य पद्धत आहे. येथे अधीर माणसाला हरीण दिसत नाही. वाळवंटाची पहिली अट ती हीच.

२. कष्टाची नीती :

शिकारीच्या तात्त्विक समर्थनाची सर्वांत प्रभावी मांडणी स्पॅनिश तत्त्वज्ञ होसे ओर्तेगा इ गासेत यांनी १९४२ मध्ये लिहिलेल्या दीर्घ निबंधात केली. एका मित्राच्या शिकारविषयक ग्रंथासाठी ती प्रस्तावना म्हणून लिहिली गेली होती. ओर्तेगा यांच्या मते खऱ्या शिकाऱ्याचा हेतू मारणे हा नसतो. मारणे हे शिकारीच्या अनुभवाला पूर्णत्व देणारे अंग असते. माणसाजवळ अमर्याद साधने असूनही तो ती स्वेच्छेने मर्यादित ठेवतो आणि प्राण्याला निसटण्याची संधी देतो, यात त्यांना शिकारीचे शील दिसते. या युक्तिवादात कष्टाला मध्यवर्ती स्थान आहे. जे सहज मिळते ते शिकार या नावाला पात्र नाही.

जॅक ओ'कॉनर (१९०२-१९७८) यांचे 'गेम इन द डेझर्ट' (१९३९) हे पुस्तक या दृष्टीने अभ्यासनीय आहे. ओ'कॉनर ॲरिझोनात जन्मले व वाढले. त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या, ॲरिझोना विद्यापीठात अध्यापन केले आणि पुढे 'आउटडोअर लाइफ' या मासिकात दीर्घकाळ बंदुकांविषयीचे सदर लिहिले. महाविद्यालयीन अध्यापन आणि लोकप्रिय शिकारलेखन ही दोन टोके एकाच माणसात एकत्र आली, हे लक्षणीय आहे. त्यांचे गद्य साधे, नर्मविनोदी आणि निरीक्षणप्रधान आहे. हरीण कोणत्या वेळी चरते, दुपारी कोणत्या उताराला बसते, बिथरल्यावर कोणत्या बाजूने निसटते, यांविषयीचे ज्ञान हे त्यांचे खरे भांडवल होय. म्हणूनच त्यांच्या लेखनात कष्टाचे प्रदर्शन तुलनेने कमी आहे. जो त्या मातीत वाढला त्याला ऊन आणि काटे हे सांगण्यासारखे वाटत नाहीत.

येथे एक भेद स्पष्ट होतो. स्थानिक लेखक प्राण्याविषयी बोलतो, तर उपरा लेखक स्वतःच्या हालांविषयी बोलतो. पायांना आलेले फोड, रिकामे झालेले पाण्याचे डबे, रात्रीची थंडी यांची यादी जितकी वाढते तितके हरीण कथनातून दूर जाते आणि शेवटी ते कष्टांचे बक्षीस म्हणून उरते. ओर्तेगा यांच्या विवेचनातील उणीवही येथेच दिसते. शिकाऱ्याने किती सोसले यावरून शिकारीचा कस ठरवता येईल. पण त्यावरून तिचा अधिकार ठरत नाही. दुष्यंताचे श्रम खरे होते, तरी हरीण आश्रमाचेच होते. ओ'कॉनर यांच्या लेखनालाही मर्यादा आहे. त्यांना प्राण्याच्या सवयी उत्तम कळतात. मात्र त्या प्राण्याभोवतीचे सबंध जीवनजाल त्यांच्या चौकटीत प्रायः शिकारीची पार्श्वभूमी म्हणूनच येते.

३. उपरेपण : कायदा आणि कादंबरी :

अमेरिकेत वन्य प्राण्यांचे नियमन मुख्यतः राज्यांकडे आहे. त्यामुळे शेजारच्या राज्यातून आलेला अमेरिकी नागरिकही शिकारीपुरता 'बाहेरचा' ठरतो. त्याला परवान्यासाठी अधिक शुल्क द्यावे लागते आणि मर्यादित परवाने असतील तर सोडतीत नाव लागण्याची वाट पाहावी लागते. १९७८ मध्ये माँटाना राज्याच्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शुल्कातील असा भेद वैध ठरवला. ॲरिझोनाने कोलोरॅडो नदीच्या उत्तरेकडील शिंगवाल्या हरणांच्या शिकारीत बाहेरच्यांचा वाटा १० टक्क्यांवर रोखला होता. त्यावर २००२ मध्ये संघीय अपील न्यायालयाने गंभीर आक्षेप नोंदवला. अखेर २००५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून राज्यांचा हा भेद करण्याचा अधिकार पुन्हा मान्य केला. आश्रमाच्या वेशीवर तपस्व्यांनी विचारलेला प्रश्न आज परवान्याच्या अर्जात विचारला जातो, एवढाच फरक.

याच नदीच्या उत्तरेस असलेल्या काइबाब पठारावर उपऱ्याच्या भूमिकेचे एक विलक्षण नाट्य घडले. १९०६ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी तेथे संरक्षित मृगयाक्षेत्र स्थापन केले. हरणांची शिकार थांबली, आणि हरणांच्या रक्षणार्थ लांडगे, पहाडी सिंह व कायोट यांना मोठ्या प्रमाणावर मारण्यात आले. हरणांची संख्या वाढत गेली, चारा संपला आणि १९२४-२५ च्या हिवाळ्यात असंख्य हरणे उपासमारीने मेली. तत्पूर्वी डिसेंबर १९२४ मध्ये एक योजना आखली गेली. हजारो हरणे हाकून ग्रँड कॅन्यनची दरी ओलांडून दक्षिणेकडे न्यायची. घोडेस्वार आणि नाव्हाहो पुरुष घंटा वाजवत निघाले. परंतु बर्फाचे वादळ आले, हरणे हाकणाऱ्यांच्या रांगेतून मागे फिरली आणि एकही हरीण पलीकडे गेले नाही.

या मोहिमेत सहभागी झालेल्या झेन ग्रे यांनी त्यावर 'द डिअर स्टॉकर' ही कादंबरी लिहिली. ती १९२५ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली आणि पुस्तकरूपाने १९४९ मध्ये आली. ओहायोत जन्मलेल्या ग्रे यांना ॲरिझोनाविषयी उत्कट प्रेम होते. तथापि ते प्रेम मुक्तिदात्याचे आहे. प्रत्यक्ष घटनेत विनोद आणि शोकांतिका यांचे जे दुर्मीळ मिश्रण होते, ते कादंबरीच्या प्रेमकथेत व सुष्ट-दुष्टांच्या ढोबळ विभागणीत विरून जाते. हरणे हाकली का गेली नाहीत, याचे उत्तर हरणांच्या स्वभावात आणि भूमीत होते. तिकडे मात्र कादंबरीचे लक्ष पुरेसे वळत नाही. पुढे १९२९ मध्ये ऋतूबाहेर अस्वलाची शिकार करण्याची परवानगी नाकारली गेली, तेव्हा ग्रे यांनी रागाने ॲरिझोनाचा निरोप घेतला. भूमीवरील प्रेम आणि त्या भूमीचा नियम यांत संघर्ष आला असता त्यांनी नियम मानला नाही. त्यांच्या लेखनाचा विचार करताना या घटनेकडे केवळ चरित्रातील किस्सा म्हणून पाहता येत नाही.

४. चुकलेला बाण : आल्डो लिओपोल्ड :

आल्डो लिओपोल्ड (१८८७-१९४८) हेही या प्रदेशात बाहेरूनच आले. आयोवात जन्म, येल येथे वनशास्त्राचे शिक्षण आणि १९०९ मध्ये ॲरिझोनातील अपाचे वनात वनाधिकारी म्हणून नेमणूक, असा त्यांचा प्रवास आहे. लांडगे संपले की हरणे वाढतील आणि ती वाढली की शिकाऱ्यांचा स्वर्ग अवतरेल, असे त्या वेळी तेही मानत होते. 'थिंकिंग लाइक अ माउंटन' या १९४४ मध्ये लिहिलेल्या निबंधात त्यांनी तारुण्यात एका लांडगिणीला गोळी घातल्याचा प्रसंग सांगितला आहे. तिच्या डोळ्यांतील तेज मालवताना पाहून, आपल्याला न कळलेले असे काही तिला आणि पर्वताला ठाऊक होते, ही जाणीव त्यांना झाली. लांडग्यांना जशी हरणे भितात, तसा हरणांच्या अमर्याद वाढीला पर्वत भितो, असा या निबंधाचा आशय आहे. काइबाबचा अनुभव त्यामागे उभा आहे. ग्रॅहम कॉफ्ली यांनी १९७० मध्ये काइबाबच्या आकडेवारीवर रास्त शंका घेतल्या होत्या. परंतु २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ॲस्पेन वृक्षांच्या वयोगटांवर आधारलेल्या अभ्यासाने लिओपोल्ड यांच्या निष्कर्षाला पुन्हा बळ दिले. म्हणजे आकड्यांविषयी मतभेद राहिले, तरी निबंधातील मूळ अंतर्दृष्टी कोलमडलेली नाही.

तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने 'साँग ऑफ द गाविलान' हा निबंध अधिक महत्त्वाचा आहे. विस्कॉन्सिनमध्ये प्राध्यापक असताना लिओपोल्ड यांनी १९३६ मध्ये आणि पुन्हा १९३७-३८ च्या हिवाळ्यात चिवावातील गाविलान नदीच्या खोऱ्यात धनुष्यबाण घेऊन हरणशिकारीचे प्रवास केले. तेथे लांडगे होते, पहाडी सिंह होते, हरणे होती आणि तरीही भूमी धडधाकट होती. खोऱ्यांतील ओढ्यांवर प्राचीन रहिवाशांनी रचलेले छोटे दगडी बांध होते. त्यांमागे साचलेल्या मातीच्या सपाट तुकड्यांवर हरणे विश्रांती घेत. अशाच एका बांधावर बसलेल्या नराच्या दिशेने, सोसाट्याच्या वाऱ्याचा फायदा घेत, लिओपोल्ड हळूहळू सरकत गेले. बाण सुटला आणि हरणावरून पलीकडे जाऊन त्या जुन्या माणसांनी रचलेल्या दगडांवर फुटला. हरीण शेपटीचा पांढरा झेंडा फडकावीत निघून गेले.

नेम चुकला हे योग्यच झाले, असे लेखक येथे मानतो. पुढे कधीतरी आपल्याही बागेच्या जागी ओक वाढेल, हरणे तेथे बसतील आणि शिकारी नेम चुकवून, हा गडगा कोणी रचला असेल, असा विचार करीत राहतील, ही त्याची इच्छा आहे. एरवी शिकारकथेत अपयश हे पुढच्या यशाची उत्कंठा वाढविण्यासाठी येते. येथे अपयश हाच प्रसंगाचा अर्थ ठरतो. कष्ट आहेत, कौशल्य आहे, साधनांची स्वेच्छामर्यादाही आहे. ओर्तेगा यांच्या सर्व अटी पूर्ण होतात. तरीही त्यांच्या बळावर लेखक कोणताही हक्क सांगत नाही. आपण येथे क्षणभर आलेलो आहोत आणि आपल्या आधी येथे कोणी राबून गेले आहे, हे भान त्याला येते. उपरा माणूस उपरेपण मान्य करतो तेव्हा त्याच्या लेखनाला खोली येते.

या निबंधाचा उत्तरार्ध अध्यापकवर्गाला अस्वस्थ करणारा आहे. ओकची फळे हरणाला पोसतात, हरीण सिंहाला पोसते आणि सिंह शेवटी ओकखालच्या मातीत मिसळतो, हे अखंड संगीत ऐकण्यासाठी दीर्घकाळ थांबावे लागते. परंतु विद्यापीठांतील विद्वान या वाद्यवृंदातील एकेक वाद्य निवडतात आणि आयुष्यभर ते सुटे करीत बसतात. सूर ऐकणे त्यांच्या शिस्तीत बसत नाही, अशी टीका लिओपोल्ड करतात. ते स्वतः प्राध्यापक होते, म्हणून हा आत्मटीकेचा स्वर आहे. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, इतिहास व साहित्य यांचे विभाग एकाच इमारतीत असूनही परस्परांशी न बोलणाऱ्या कोणत्याही महाविद्यालयाला तो लागू पडतो.

लिओपोल्ड यांचीही एक मर्यादा नोंदवली पाहिजे. गाविलानचे मूळ रहिवासी त्यांच्या निबंधात दगडांच्या रूपाने येतात, माणसे म्हणून नव्हे. लांडगिणीच्या निबंधातही ज्यांच्या नावाने ते वन ओळखले जाते त्या अपाचे लोकांचा आवाज ऐकू येत नाही. पर्वताच्या बाजूने विचार करणारा लेखक पर्वतावरच्या माणसांजवळ मात्र थांबत नाही.

५. हरणाचा आवाज :

हा अपुरा राहिलेला आवाज याकी समाजाच्या हरीणगीतांत ऐकू येतो. याकी ही सोनोरातील जमात. विसाव्या शतकाच्या आरंभी मेक्सिकन शासनाने केलेल्या दडपशाहीमुळे व हद्दपारीमुळे अनेक याकी कुटुंबांनी ॲरिझोनाचा आश्रय घेतला. १९७८ मध्ये अमेरिकेने पास्क्वा याकी जमातीला अधिकृत मान्यता दिली. लॅरी एव्हर्स आणि याकी समाजातील फेलिपे मोलिना यांनी सिद्ध केलेल्या 'याकी डिअर साँग्ज' (१९८७) या ग्रंथात ही गीते मूळ भाषेसह संकलित झाली आहेत. हरणाचे मस्तक शिरावर बांधलेला नर्तक, दातेरी काठ्यांचा घर्षणध्वनी आणि पाण्यावर तरंगणाऱ्या अर्ध्या भोपळ्याचा ठेका यांच्या साथीने ती गायिली जातात.

या परंपरेतही हरीण मारले जाते. ती अहिंसेची परंपरा नव्हे. परंतु येथे शिकारी आपल्या हालांची कथा सांगत नाही; फुलांनी भरलेल्या अरण्यविश्वाविषयी, धावण्याविषयी आणि मरणाविषयी हरीणच बोलते. मारणाऱ्या समाजाने मारल्या जाणाऱ्याला कथनाचा अधिकार द्यावा, ही साहित्यदृष्ट्या असामान्य घटना आहे. वाळवंट येथे खडतर नाही, कारण बोलणारा तेथे उपरा नाही. 'खडतर' हे विशेषण भूमीचे नसून पाहणाऱ्याचे आहे, हे या गीतांवरून स्पष्ट होते.

६. मराठी वाचनाच्या संदर्भात :

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा व्यवहार संपुष्टात आला. शिकारकथा मात्र वाचनात टिकून राहिली. परिणामी मराठीत ती बहुधा 'थरारक' किंवा 'साहसी' या विशेषणांनी गौरविली जाते, अथवा आज निषिद्ध म्हणून बाजूला ठेवली जाते. दोन्ही प्रतिक्रियांत समीक्षा सुटून जाते. व्यंकटेश माडगूळकर यांच्यासारखा लेखक शिकारीच्या नादातून प्राणिनिरीक्षणाकडे वळतो आणि 'सत्तांतर' (१९८२) मध्ये वानरांच्या टोळीला कथनाचे केंद्र देतो, तेव्हा तेथेही दृष्टिकोनाचे तसेच स्थलांतर घडलेले असते. हे स्थलांतर कसे घडले, पूर्वीच्या शिकारलेखनातील कोणते निरीक्षण पुढे उपयोगी पडले आणि कोणता अहंकार गळून पडला, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. बंदुकीचा आवाज बंद झाला म्हणून वाचकाचा उपरेपणा संपत नाही. कॅमेरा घेऊन अभयारण्यात जाणारा पर्यटकही आपल्या पहाटेच्या जागरणाचे आणि धुळीचे वर्णन याच सुरात करतो.

निष्कर्ष :

१. वाळवंटातील हरणशिकारविषयक लेखनात कष्टांचे वर्णन हे शिकारीच्या नैतिक समर्थनाचे प्रमुख साधन आहे. कष्टांमुळे शिकारीचा कस ठरतो. अधिकार ठरत नाही.

२. ओ'कॉनर यांचे बळ स्थानिक ज्ञानात आहे. ग्रे यांचे अपयश भूमीचा नियम न मानणाऱ्या प्रेमात आहे.

३. लिओपोल्ड यांच्या चुकलेल्या बाणाच्या प्रसंगात उपरेपणाचा स्वीकार आढळतो आणि तेथेच शिकारकथेचे निसर्गचिंतनात रूपांतर होते. तथापि मूळ रहिवाशांच्या आवाजाबाबत ते लेखन अपुरे राहते.

४. याकी हरीणगीतांत कथनाचा अधिकार हरणाकडे जातो. त्या उजेडात 'खडतर वाळवंट' ही कल्पना उपऱ्याच्या दृष्टीची निर्मिती असल्याचे दिसते.

५. मराठीतील शिकारलेखनाचे पुनर्वाचन थराराच्या निकषावर न करता, कथनात कोण बोलतो आणि तो ज्या भूमीविषयी बोलतो तिच्याशी त्याचे नाते कोणते, या निकषांवर होणे आवश्यक आहे.

तपस्व्यांनी अडवल्यावर दुष्यंताने बाण भात्यात परत ठेवला. त्याच्या सर्व पराक्रमांत हा लहानसा मागे घेतलेला हात अधिक लक्षात राहतो. शिकारलेखनाची थोरवी मोजतानाही हीच कसोटी उपयोगी पडेल असे वाटते.